बैलाची सूज आणि माळावरचीं गिधाडें

सोलापूर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेती ही मुख्यत्वें रब्बीची. भाद्रपद-आश्विनांत पाऊस पडून जमिनीस वाफसा आला, म्हणजे ज्वारीच्या पेरणीसाठीं जे चार दिवस हातीं लागतात, त्यांवर घरच्या माणसांचें वर्षाचें धान्य आणि गोठ्यांतील जनावरांची कडब्याची बेगमी अवलंबून असते. नेमक्या ह्याच दिवसांत बैलाचा खांदा सुजला, अथवा पायांत कांटा मोडून तो लंगडूं लागला, तर शेतकऱ्याच्या पोटांत धस्स होतें. यंत्रें पुष्कळ आलीं असलीं, तरी ज्यांच्या दावणीस अद्याप खिलारी जोडी आहे त्यांस ही अडचण अपरिचित नाहीं. अशा वेळीं गुरांच्या डॉक्टरास निरोप जातो तो बहुधा एकच : "डॉक्टरसाहेब, सूज उतरण्याची सुई द्या, उद्यां औत जुंपायचें आहे." सुई दिली जाते, दुसऱ्या दिवशीं सूज ओसरल्यासारखी दिसते, बैल पाय टेकतो, आणि शेतकऱ्याच्या लेखीं तो विषय तेथेंच संपतो.

वस्तुतः तो तेथें संपत नाहीं. ती सुई कोणत्या औषधाची होती, तिनें बैलाच्या शरीरांत नेमकें काय केलें, आणि पुढें दुर्दैवानें तो बैल दगावला तर त्याच्या मांसांतून तें औषध कोणाच्या पोटांत गेलें, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनानें दिलेलीं आहेत. तीं समजून घेणें शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिताचें आहे, म्हणून हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

सूज म्हणजे काय ?

शरीराच्या एखाद्या भागास इजा झाली, अथवा तेथें रोगजंतूंचा शिरकाव झाला, म्हणजे तो भाग लाल होतो, हातास ऊन लागतो, सुजतो आणि दुखतो. हीं चार लक्षणें सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत नमूद करून ठेविलीं आहेत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून, कच्चें गळूं फोडणें आणि पिकलेलें तसेंच राहूं देणें ह्या दोन्ही गोष्टी वैद्याच्या चुका म्हणून गणल्या आहेत. सुजेस तिचा स्वतःचा एक क्रम असतो, हें ज्ञान असें जुनें आहे. तो क्रम कां असतो, हें मात्र कळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

इ. स. १८८२ मध्यें इटलींतील मेसिना येथें एली मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत एक बारीक कांटा टोचून ठेविला. दुसऱ्या दिवशीं सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहतां, शरीरांत फिरणाऱ्या पेशी त्या कांट्याभोंवतीं गोळा झालेल्या त्यांस आढळल्या. परका पदार्थ शरीरांत शिरतांच त्यास गिळून टाकण्यासाठीं पेशी धांवून येतात, असा त्यांनीं सिद्धान्त मांडला; आणि ह्या कार्यासाठीं १९०८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. १८९६ च्या प्लेगच्या सांथींत मुंबईस येऊन ज्यांनीं प्लेगची लस शोधून काढली, ते हाफकिन ह्याच मेचनिकॉफचे शिष्य होत.

म्हणजे सूज हा रोग नव्हे. रोगाशीं अथवा इजेशीं शरीर जें युद्ध करतें, त्याची ती बाहेरून दिसणारी खूण होय. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून भाग लाल व ऊन होतो. रक्तांतील द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात म्हणून तो फुगतो. आणि दुखतो म्हणून जनावर त्या पायावर भार देत नाहीं, त्यामुळें त्यास आयतीच विश्रांति मिळते. गंजीस आग लागली म्हणजे सारें गांव धांवून येतें. गर्दी होते, पाणी सांडतें, कुंपण मोडतें. ही गर्दी त्रासदायक खरी. पण आग गर्दीनें लावलेली नसते, आणि गर्दी हांकलून दिली म्हणजे आग विझली असेंहि होत नाहीं.

तथापि कधीं कधीं ही गर्दीच आगीहून अधिक नुकसान करते, हेंहि तितकेंच खरें. दुभत्या म्हशीच्या कासेस दगडी झाली, तर दाहानें दूध तयार करणारा भागच नष्ट होऊन तो सड कायमचा बाद होतो. मनुष्यास होणाऱ्या आमवातांत तर बाहेरचा शत्रु नसतांहि शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर चालून जाते, आणि दाह वर्षानुवर्षें धुमसत राहतो. अशा ठिकाणीं दाह आवरणारें औषध देणें हें दयेचें आणि शहाणपणाचेंहि काम आहे. प्रश्न औषध द्यावें कीं नाहीं हा नाहीं. कोणतें द्यावें, केव्हां द्यावें, आणि त्याच्या जोडीला काय करावें, हा आहे.

सूज उतरविणारें औषध काय करतें ?

ॲस्पिरिनसारखीं औषधें लोक शेंकडों वर्षें नाहीं तरी निदान पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. तीं काम कशीं करतात हें मात्र १९७१ सालीं इंग्लंडांतील जॉन व्हेन ह्यांनीं दाखवून दिलें. इजा झालेल्या ठिकाणीं शरीर प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार करतें. तीं सूज, ताप आणि वेदना वाढवितात. ॲस्पिरिन व त्याच्या जातीचीं औषधें हीं द्रव्यें तयार होण्याचें काम बंद पाडतात. ह्या शोधाबद्दल व्हेन ह्यांस १९८२ सालीं दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्यावयाच्या. पहिली ही कीं, हीं औषधें रोगजंतु मारीत नाहींत, मोडलेला कांटा काढीत नाहींत, आणि टोंचणारें जूं नीट करीत नाहींत. पावसाळ्यांत जनावराचा गळा सुजून घशांत घरघर वाजूं लागली, तर तो घटसर्प असण्याचा संभव. मांडीवर अथवा फऱ्यावर सूज येऊन दाबतांच चरचर आवाज आला, तर तो फऱ्या रोग असण्याचा संभव. अशा वेळीं नुसती वेदना मारणारी सुई देऊन सकाळपर्यंत वाट पाहणें म्हणजे जनावर हातचें घालविणें होय. दुसरी गोष्ट ही कीं, प्रोस्टाग्लँडिन हीं केवळ उपद्रवी द्रव्यें नव्हेत. जठराचें अस्तर आणि मूत्रपिंडांतील रक्तप्रवाह राखण्यासहि तीं उपयोगी पडतात. म्हणून हींच औषधें फाजील दिलीं, अथवा पाण्यावांचून सुकलेल्या जनावरास दिलीं, तर पोटांत व्रण होतात आणि मूत्रपिंडांस अपाय होतो.

ह्या वर्गांतील डायक्लोफेनॅक नांवाचें औषध स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं मनुष्याच्या संधिवातासाठीं तयार केलें. तें गुणकारी होतें आणि पुढें स्वस्तहि झालें. १९९० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत तें गुरांसाठीं सर्रास वापरांत आलें. लंगडणारा बैल, तापलेली गाय, सुजलेली कास, सर्वांस तीच सुई. शेतकऱ्यास गुण दिसे. दुकानदारास गिऱ्हाईक मिळे. त्यांत कोणाचा वाईट हेतु नव्हता.

आकाश रिकामें झालें

साठी ओलांडलेल्या वाचकांस आठवत असेल, कीं गांवाबाहेरच्या माळावर मेलेलें जनावर नेऊन टाकलें, म्हणजे घटकाभरांत आकाशांत घिरट्या दिसूं लागत, आणि दिवस मावळण्यापूर्वीं तेथें हाडांचा सांपळा तेवढा उरे. हें काम गिधाडें विनामोबदला करीत. त्यांचें दर्शन अशुभ मानलें जाई, परंतु त्यांचें काम सर्वांच्या आरोग्याचें होतें.

राजस्थानांत भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानांत गिधाडें भराभर कमी होत असल्याचें मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभु प्रकाश ह्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें देशभर मोजणी झाली, तेव्हां चित्र अधिकच भयंकर निघालें. १९९२ सालीं पांढऱ्या पाठीचीं हजार गिधाडें जेथें दिसत, तेथें २००७ सालीं एक दिसूं लागलें. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटीं करणारें लांब चोचीचें गिधाडहि शेंकडा नव्वदांहून अधिक घटलें. कोणी साथीचा रोग म्हणे, कोणी शेतांतील कीटकनाशकांस दोष देई.

उत्तर सांपडलें तें पाकिस्तानच्या पंजाब प्रांतांत. तेथें डॉ. लिंडसे ओक्स ह्या अमेरिकन पशुवैद्यांच्या नेतृत्वाखालीं संशोधकांनीं मेलेलीं गिधाडें फाडून तपासलीं. त्यांच्या यकृतावर, हृदयावर आणि इतर अवयवांवर युरिक ॲसिडाचा पांढरा खडूसारखा थर जमलेला होता. म्हणजे मूत्रपिंडें बंद पडून तीं मेलीं होतीं. ज्यांचा असा अंत झाला होता त्यांच्या शरीरांत डायक्लोफेनॅक आढळलें. मग ज्या जनावरांस हें औषध दिलें होतें त्यांचें मांस कांहीं गिधाडांस खाऊं घालून पाहिलें, तों तींहि त्याच रीतीनें मेलीं. हें संशोधन २००४ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. बैलाचें शरीर जें औषध पचवून बाहेर टाकतें, तेंच गिधाडाचीं मूत्रपिंडें बंद पाडतें. पक्षी आपल्या शरीरांतील मळ युरिक ॲसिडाच्या रूपानें टाकतात. मूत्रपिंड थांबलें, कीं तोच मळ त्यांच्या आंतड्या-काळजावर जमून बसतो.

एखादा विचारील, कीं सर्वच मेलेल्या जनावरांस कांहीं ही सुई दिलेली नसते. मग सारीं गिधाडें कशीं मेलीं? ह्याचाहि हिशेब झाला आहे. एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडें उतरतात, आणि एक गिधाड वर्षभरांत अनेक मढ्यांवर बसतें. त्यामुळें शंभर मढ्यांत एकाहूनहि कमी मढें विषारी असलें, तरी जात संपण्यास तेवढें पुरें होतें, असें संशोधकांस दिसून आलें. प्रत्यक्षांत २००४-०५ च्या सुमारास देशांत तपासलेल्या मढ्यांपैकीं शेंकडा सुमारें दहांत हें औषध निघालें. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते. अशी घट ती कशी भरून काढणार?

नुकसान कोणाचें झालें ?

गिधाडें गेलीं, मढीं राहिलीं. त्यांचा वांटा कुत्र्यांनीं घेतला. मढ्यांवर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचें भय वाढतें. मेंढरांच्या कळपावर, वासरांवर आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांवर त्या धांवून जातात. गिधाडाच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं सडक्या मांसांतील बहुतेक रोगजंतु त्यांत नष्ट होतात. कुत्रा मात्र तें मांस गांवांत ओढून आणतो. सडकें मढें ओढ्यांत राहिलें तर त्याचें पाणी खालच्या गांवच्या विहिरींत झिरपतें. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा अंदाज दिला आहे, कीं ज्या जिल्ह्यांत पूर्वीं गिधाडें विपुल होतीं तेथें तीं नाहींशीं झाल्यामुळें २००० ते २००५ ह्या काळांत देशांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मेलीं. हा अंदाज आहे. परंतु त्याची दिशा कोणाहि खेडुतास पटण्यासारखी आहे.

आपल्या जिल्ह्यास हा धडा दुसऱ्या एका पक्ष्यानेंहि शिकविला आहे. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या माळांसाठीं १९७९ सालीं माळढोक अभयारण्य झालें. आणि तरीहि तो भव्य पक्षी आतां तेथें जवळजवळ दिसेनासा झाला आहे. एकदां संख्या फार खालीं गेली, म्हणजे मागाहून केलेली धडपड किती तोकडी पडते, हें आपण डोळ्यांदेखत पाहिलें.

बंदी आणि पर्याय

भारत सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं डायक्लोफेनॅक तयार करण्यास बंदी केली. तथापि मनुष्यासाठीं असलेल्या मोठ्या बाटल्या गुरांस वापरल्या जाऊं लागल्या. म्हणून २०१५ सालीं मनुष्यासाठींचें हें टोंचण्याचें औषध तीन मिलिलिटरच्या एका मात्रेच्या कुपींतच विकावें, असें ठरविण्यांत आलें. किटोप्रोफेन हेंहि गिधाडांस मारक आहे, आणि ॲसिक्लोफेनॅकचें गुरांच्या शरीरांत डायक्लोफेनॅकच बनतें, हें सिद्ध झाल्यावर २०२३ सालीं त्या दोहोंस, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडास, गुरांसाठीं बंदी झाली.

ह्यावर शेतकऱ्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं, कारण पर्याय उपलब्ध आहे. मेलॉक्सिकॅम हें औषध सूज आणि ताप उतरविण्यास गुणकारी असून गिधाडांस निर्धोक आहे, हें आफ्रिकेंत व भारतांत केलेल्या प्रयोगांनीं २००६ सालींच दाखविलें. टॉल्फेनॅमिक ॲसिड हें दुसरें निर्धोक औषध ठरलें आहे. म्हणजे बैलावरची दया आणि गिधाडाचा जीव ह्यांत निवड करण्याची पाळी आपणांवर येत नाहीं.

हरियाणांतील पिंजोर येथें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विद्यमानें गिधाडांची पैदास केली जाते. तेथें वाढविलेलीं गिधाडें २०२४ च्या जानेवारींत आपल्या राज्यांतील पेंच आणि ताडोबा येथें सोडण्यासाठीं आणण्यांत आलीं. परंतु पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यास मढें मिळतें तें कोणा ना कोणा शेतकऱ्याच्याच जनावराचें. तें मढें विषारी असेल, तर सारा खटाटोप एका जेवणांत व्यर्थ जाईल.

शेतकऱ्यांनीं काय करावें ?

१. सूज दिसतांच प्रथम कारण शोधावें. खांदेसूज असेल तर जूं तपासावें. गांठी, खडबडीत जागा तासून घ्याव्या, उंचीनें विषम बैल एका जुंवास जोडूं नयेत, आणि पावसानें भिजलेल्या मानेवर ओझें ओढवूं नये. लंगडत असेल तर खूर धुऊन कांटा, खिळा, खडा पाहावा.

२. ताज्या सुजेवर पहिल्या दिवशीं गार पाण्याची धार धरावी, पुढें ऊन पाण्याचा शेक द्यावा, आणि सर्वांत मोठें औषध म्हणजे विश्रांति, ती द्यावी. सूज दबली म्हणून दुसऱ्याच दिवशीं औतास जुंपलेल्या बैलाचा खांदा पुन्हां सुजतो, आणि मग तो महिन्याचा धनी होतो.

३. घटसर्प आणि फऱ्या ह्यांच्या लसी पावसाळ्यापूर्वींच टोचून घ्याव्या. कासेच्या दगडीसाठीं धारा काढण्यापूर्वीं व नंतर सड स्वच्छ करावे, आणि दुधांत गांठी दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावें.

४. सुई देण्यापूर्वीं औषधाचें नांव विचारावें. "डॉक्टरसाहेब, ह्यांत डायक्लोफेनॅक तर नाहीं ना ? मेलॉक्सिकॅम चालेल का ?" एवढें विचारण्यांत कोणाचा अवमान नाहीं. दुकानांतून परस्पर औषध आणून टोचूं नये. माणसाच्या कुपी गोठ्यांत आणूं नयेत. औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरूं नये, हेंहि त्याच वेळीं विचारून घ्यावें.

५. औषध दिलेलें जनावर तीन-चार दिवसांच्या आंत दगावलें आणि औषधाची खात्री नसेल, तर मढें उघड्यावर टाकूं नये. खोल खड्ड्यांत पुरावें. जनावर अकस्मात मरून त्याच्या नाकातोंडांतून काळें रक्त येत असेल, तर तें फाशी रोगानें मेलें असण्याचा संभव. तें मुळींच न फाडतां, डॉक्टरास कळवून, चुना टाकून पुरावें.

६. कुत्रा चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी.

उपसंहार

सरकारनें कायदा केला, शास्त्रज्ञांनीं कारण शोधलें, पर्यायी औषधहि दाखविलें. परंतु औषधाच्या दुकानीं काय विकलें जावें, हें शेवटीं गिऱ्हाईकाच्या तोंडच्या शब्दावर ठरतें. आणि गुरांच्या औषधाचा गिऱ्हाईक म्हणजे आपण. बैलपोळ्यास ज्याच्या शिंगांस आपण बेगड लावतों आणि ज्यास पुरणपोळीचा घांस भरवितों, त्याच्या दुखण्यांत त्यास आराम मिळावा हें योग्यच आहे. तो आराम असा असावा, कीं त्या बैलाचा शेवट झाल्यावर माळावर उतरणाऱ्या पक्ष्यासहि त्यापासून बाध येऊं नये. गावोगांवच्या शेतकऱ्यांनीं एवढा एक प्रश्न विचारण्याची संवय लाविली, तर आज ओस पडलेल्या आपल्या आकाशांत त्या संथ घिरट्या आपल्या नातवंडांस पुन्हां दिसतील, अशी आशा करण्यास जागा आहे.